पाकिटावर ‘मूळ देश : गिनी-बिसाऊ’ असं का लिहिलंय?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचणारे ग्राहक हल्ली वाढलेत. आम्हाला आनंदच आहे. पण मग फोन येतो तो ठरलेला : "अहो, कारखाना तुमचा वेंगुर्ल्याजवळ, मग हे गिनी-बिसाऊ मध्येच कुठून आलं?" कुणाला छपाईची चूक वाटते. एका काकूंनी तर ते मसाल्याचं नाव समजून "तिखट आहे का?" असं विचारलं होतं. फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक पाकिटाबरोबर टाकतो आहोत.

आमच्याकडे दोन प्रकारचा काजूगर मिळतो. एक आपल्या कोकणातल्या बीचा, दुसरा आफ्रिकन बीचा. कोकणातली बी फेब्रुवारी-मार्चला सुरू होते आणि मे संपता संपता आटोपते. तेवढ्या बीवर कारखाना वर्षभर चालत नाही, आणि आमच्याकडे सोलणीला येणाऱ्या बायकांना घर बारा महिने चालवायचं असतं. म्हणून पावसाळ्यानंतर आम्ही बाहेरची बी फोडतो. सिंधुदुर्ग, गोवा, चंदगड-आजरा, मंगळूर, पार खाली कोल्लमपर्यंत काजूचा धंदा असाच चालतो. बहुतेक जण ते पाकिटावर लिहीत नाहीत, आम्ही लिहितो, एवढंच.

देश कुठला, केवढा

आधी नावाचा घोळ निस्तरू. गिनी नावाचे देश एकाहून जास्त आहेत. नुसता गिनी वेगळा, त्याची राजधानी कोनाक्री. इक्वेटोरियल गिनी वेगळा. पापुआ न्यू गिनी तर पॅसिफिक महासागरात. आपला हा गिनी-बिसाऊ, राजधानी बिसाऊ, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. उत्तरेला सेनेगल, पूर्वेला आणि दक्षिणेला गिनी, पश्चिमेला अटलांटिक. नकाशावर केरळातल्या कण्णूरपासून सरळ पश्चिमेकडे बोट नेलंत तर अरबी समुद्र आणि अख्खी आफ्रिका ओलांडून ते बिसाऊवर येऊन टेकतं, अक्षांश जवळपास तोच. म्हणजे हवा आपल्या ओळखीची : जूनला पाऊस, नोव्हेंबरपर्यंत ओसरणं, मग कोरडा उन्हाळा. हिवाळ्यात सहाराकडून धुळीचा कोरडा वारा येतो, तो मात्र आपल्याकडे नाही.

देशाचं क्षेत्रफळ ३६,१२५ चौरस किलोमीटर लिहिलेलं असतं, पण त्यातली जमीन २८,००० च्या आसपास. बाकी सगळं पाणी : नद्या, खाड्या, भरतीला बुडणारा चिखल, कांदळवन. आपला पालघर ते सिंधुदुर्ग कोकण विभाग धरा, साधारण तेवढाच देश. माणसं वीस-बावीस लाख, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. आणि डोंगर? सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला हसू येईल. आग्नेयेकडे जमीन जेमतेम ३०० मीटरपर्यंत चढते, बाकी देश सपाट. त्यामुळे गेबा, काशेउ, कोरुबाल या नद्यांतून भरतीचं खारं पाणी कितीतरी मैल आत शिरतं.

या खाऱ्या पाण्याशी तिथल्या लोकांनी जे केलंय ते आपल्या माणसाला लगेच कळेल. बालांता नावाचा मोठा समाज आहे. ते लोक कांदळवन साफ करून, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने चिखल उपसून बांध घालतात, पावसाच्या पाण्याने माती धुऊन खारटपणा काढतात आणि तिथे भात लावतात. जादा पाणी बाहेर सोडायला पूर्वी झाडाचं पोकळ खोड बांधात बसवायचे, त्याला बूच. या शेतांना ते बोलान्या म्हणतात. आपण खाजण म्हणतो. गोव्यात बांध आणि मानस (पाणी सोडायचं दार), तिकडे बांध आणि पोकळ खोड.

किनाऱ्यासमोर बिजागोस नावाची ८८ बेटं आहेत, वस्ती त्यातल्या विसेक बेटांवर. तिथे समुद्राच्या पाण्यात पाणघोडे दिसतात आणि पोइलांव या बेटावर हजारोंनी कासवं अंडी घालायला येतात. वेळासच्या कासवांचं कौतुक करणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगायचा मोह आवरला नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने या बेटांचा किनारा जागतिक वारशात घेतला.

एकाच दर्यावर्दीची दोन गावं

गोवा आणि गिनी-बिसाऊ, दोन्हीकडे पोर्तुगीज होते. काजूचं झाड मुळात ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणलं आणि तिथून ते आपल्या डोंगरउतारांवर पसरलं. आफ्रिकेतही त्यांनीच नेलं. आजही बिसाऊत सरकारी कामकाज पोर्तुगीजमध्ये चालतं. बाजारात मात्र सगळे क्रिओल बोलतात, पोर्तुगीज आणि तिथल्या भाषा मिसळून झालेली. काजूला पोर्तुगीज शब्द ‘काजू’च. आमच्या एका पुरवठादाराशी बोलताना दोन्हीकडचं इंग्रजी तोकडं पडलं की हा एकच शब्द निभावून नेतो.

गोवा १९६१ ला मुक्त झाला. गिनी-बिसाऊला मात्र दशकभर जंगलात लढावं लागलं. त्या लढ्याचे नेते आमिल्कार काब्राल हे पेशाने कृषितज्ज्ञ. १९५३ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीत असताना गावोगाव फिरून शेतीची मोजणी केली होती, तेव्हाच देश त्यांच्या पायाखालून गेला. जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्रीत त्यांचा खून झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांच्या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगालने ते मान्य केलं सप्टेंबर १९७४ मध्ये, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. आणि गोवा भारताचा, हे पोर्तुगालने कागदोपत्री मान्य केलं तेही १९७४ मध्येच, ३१ डिसेंबरला.

अख्खा देश एका बीवर

पोर्तुगिजांच्या काळात तिथून जायचा तो मुख्यतः भुईमूग. काजूच्या बागा वाढल्या त्या स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९८० नंतरच्या दशकात. आज परिस्थिती अशी की देशाच्या निर्यातीतल्या दर १०० रुपयांमागे ९० च्या आसपास काजू बीचे असतात. पीक चांगलं आलं तर दोन लाख टनांच्या आसपास. त्यातलं तिथे फोडलं जातं ते अगदी थोडं. बाकी गोणीत भरून जहाजावर, भारताकडे आणि व्हिएतनामकडे.

बाकीचं थोडक्यात : समुद्रात मासेमारीचे परवाने परदेशी बोटींना देऊन सरकारला पैसा मिळतो, फारीमला फॉस्फेट आहे, बोएला बॉक्साइट आहे, पण ते बहुतेक अजून जमिनीतच. चलन १९९७ पासून सीएफए फ्रँक, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांचं सामाईक चलन, जे युरोला बांधलेलं आहे.

मग ते स्वतःच बी का फोडत नाहीत, हा प्रश्न आम्हालाही पडायचा. बॉयलर, कटिंग मशीन, बोरमा (गर वाळवायची भट्टी) यांना वीज लागते, आणि माल भरून ठेवायला वर्षभराचं भांडवल. राजधानीची वीज काही वर्षं बंदरात उभ्या असलेल्या एका तुर्की जहाजावरून यायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिल थकलं, जहाजाने वीज तोडली आणि अख्खं बिसाऊ अंधारात गेलं. दोन तास वीज गेली तरी आमची बोरम्यापाशी घालमेल होते. तिथे कारखाना काढायला किती छाती लागेल, विचार करा.

एप्रिल ते जून हा तिकडचा हंगाम. घरोघरी बाया-मुलं झाडाखाली पडलेली बोंडं गोळा करतात, बी पिरगळून वेगळी करतात. बोंडाच्या रसाची दारू होते, तीही बायका करतात आणि विकतात. आपल्याकडच्या उर्राक-फेणीची आठवण यावी असाच प्रकार. बी व्यापाऱ्याला जाते, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा पैसे हातात येतच नाहीत. किलोला किलो, बीच्या बदल्यात तांदूळ. चांगल्या वर्षी एक किलो बीला एक किलो तांदूळ. भाव पडला की दोन-दोन, तीन-तीन किलो बी मोजावी लागते तेवढ्याच तांदळासाठी.

वर सांगितलेली खाजणं आठवा. काजूत हात अडकले, पोरं शहरात गेली, बांध दुरुस्त करायला माणूस उरला नाही, आणि भात पिकवणारा देश तांदूळ विकत घेऊ लागला. तांदूळ येतो आशियातून, त्यात आपलाही असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली. इथे बातमी चार ओळींची होती, पश्चिम आफ्रिकेत कणी हे रोजचं जेवण आहे. आपण त्यांची बी घेतो आणि ते आपला तांदूळ, त्यामुळे दोन्ही दोऱ्या आपल्याकडून हलतात. हे आम्हाला तरी बी विकत घ्यायला लागल्यावर कळलं.

बी चांगली कशी ओळखतो

काजूच्या धंद्यात देशाचं नाव पुरत नाही, ‘आउटटर्न’ विचारतात. म्हणजे ८० किलोच्या एका गोणीतून किती पौंड चांगला गर निघेल. गिनी-बिसाऊच्या बीचं नाव आहे ते यासाठी : ५० ते ५४ पौंड. पश्चिम आफ्रिकेतल्या इतर काही बी ४६-४७ वर थांबतात.

माल आला की आम्ही वेगवेगळ्या गोण्यांतून एक किलो नमुना काढतो. एकेक बी कापून गर टेबलावर मांडतो : स्वच्छ, डागी, पोचट, कुजका. चांगला गर वजन करून २९५ ग्रॅम भरला, तर गोणीमागे २३.६ किलो, म्हणजे ५२ पौंड. अडतीस वर्षं हेच करणारे आमचे मुकादम बी तळहातावर खुळखुळवूनच आकडा सांगतात. चुकले तर एखाद्या पौंडाने.

पाकिटावरच्या ‘डब्ल्यू ३२०’ चा अर्थही इथेच लागतो. एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. गिनी-बिसाऊची बी किलोला सुमारे २००, म्हणजे एक बी पाच ग्रॅमची. त्यात गर दीड ग्रॅम. पौंडाला भागा, तीनशेच्या आसपास येतात. म्हणून आफ्रिकन पाकिटात मुख्यतः ३२० दिसतो. आपली वेंगुर्ला-७ जातीची बी दहा ग्रॅमची, तिचा गर त्याच्या दुप्पट, पौंडाला १८० बसणाऱ्या गरापेक्षाही मोठा. म्हणूनच ‘अख्खा जंबो काजू’ कुणी आफ्रिकन भावात देत असेल तर आम्हालाही पत्ता कळवा.

चवीचं म्हणाल तर आम्ही कोकणी, पक्षपात होणारच. नुसता खायला, ताटात ठेवायला आपला गोडसर काजू. उसळीला, ग्रेव्हीला, कतलीला, पुलावाला आफ्रिकन ३२० किंवा त्याची पाकळी घ्या. दोन्हींची वेगवेगळी कतली करून आम्ही घरी डोळे मिटून खाऊन पाहिली, पाचपैकी चौघांना कुठली कोणती ते ओळखता आलं नाही.

भाव वर-खाली का होतो

तिकडे पाऊस जूनला लागतो. त्याआधी बी वाळून बंदरात पोहोचायला हवी. बिसाऊचं बंदर गेबा नदीच्या मुखाशी, लहान आणि गाळाचं. माल अडकला की भिजतो. बीत ओलावा दहा टक्क्यांवर गेला की बुरशी ठरलेली. एका वर्षी एका व्यापाऱ्याने कागदावर ५२ दाखवून असाच भिजका माल आमच्या गळ्यात मारला. गोणी उघडली तेव्हा आंबूस वास, कापल्यावर कडेने काळपट गर. आउटटर्न निघाला ४४. त्या दिवाळीत आम्ही आफ्रिकन पाकीट विकलंच नाही, सगळा गर चाळून तुकडा म्हणून बेकरीला गेला. तेव्हापासून पैसे नमुना कापल्यावरच.

दुसरं कारण राजकारण. तिथे लष्कराने सत्ता घेण्याचे प्रकार १९८० पासून वारंवार झाले. २०१२ चा उठाव तर १२ एप्रिलला, ऐन काजूत. त्या वर्षी निर्यात घसरली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच. शिवाय दर हंगामाला सरकार बीचा किमान भाव जाहीर करतं. २०१८ मध्ये तो किलोला १,००० फ्रँक इतका लावला की खरेदीदार फिरकेनात, आणि शेतकऱ्याची बी घरात पडून राहिली. २०२० मध्ये उलटं झालं : इकडे टाळेबंदीत आमच्यासारखे कारखाने बंद, तिकडे बीला गिऱ्हाईक नाही.

तिसरं कारण सोपं, डॉलर. बी डॉलरमध्ये घेतो, वर आयात शुल्क, वर कंटेनरचं भाडं.

तिकडची बी साधारण गणपती-दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे पोहोचते. त्यामुळे आफ्रिकन काजूगराचा नवा भाव आम्ही दरवर्षी त्या सुमारास लावतो, कोकणीचा शिमग्यानंतर. पाकिटावर लॉट क्रमांकाआधी ‘को’ असेल तर कोकणी, ‘गि’ असेल तर गिनी-बिसाऊ. दोन्ही एकत्र आम्ही भरत नाही. पाकीट फोडल्यावर गर घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. गर खवट लागला किंवा आत कीड दिसली तर पाकीट टाकू नका, लॉट क्रमांकासकट परत पाठवा. बदलून देऊ, आणि तो लॉट आम्हीही पुन्हा कापून बघू.