व्याजदर घटले, तरी रोख्यांचे भाव का उतरले?

पतधोरणाच्या दिवशी सकाळी दहाला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर निवेदन वाचू लागतात, तेव्हा वाकड-बाणेरला कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्यांचे लक्ष रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते त्या दराच्या, आकड्याकडे असते. ते साहजिकच आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे बाह्य मानदराशी, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराशी, बहुतेकदा रेपो दराशीच, जोडलेली आहेत. रोखे, म्हणजे सरकार किंवा कंपन्यांनी घेतलेल्या कर्जाचे कागद, जिथे विकले-विकत घेतले जातात तो रोखे बाजार मात्र आकड्यानंतरची वाक्ये अधिक बारकाईने ऐकतो.

६ जून २०२५ चेच पाहा. रेपो दर अर्ध्या टक्क्याने घटून ५.५० टक्क्यांवर आला, तर बहुतेकांनी पाव टक्क्याचीच कपात गृहीत धरली होती. अपेक्षेहून मोठी कपात झाल्याने रोख्यांचे भाव आधी वाढले, पण दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांमधली ही तेजी टिकली नाही. भाव उतरले आणि त्यामुळे परतावा दर, म्हणजे त्या भावाला रोखा घेणाऱ्याला मिळणारा व्याजाचा दर, वर चढला. याचे कारण त्याच निवेदनात होते. धोरणाचा पवित्रा ‘उदार’वरून (दरकपातीकडे कल) ‘तटस्थ’ (दर कोणत्याही दिशेला जाऊ शकतो) करण्यात आला होता आणि फेब्रुवारीपासून एकूण एक टक्का कपात केल्यानंतर विकासाला हातभार लावण्यासाठी पतधोरणाकडे फारच थोडा वाव उरला आहे, असेही स्पष्ट म्हटले होते. दीर्घ मुदतीच्या रोख्याचा भाव ठरताना आजच्या दरापेक्षा पुढच्या अनेक वर्षांच्या अल्पकालीन दरांचा अंदाज महत्त्वाचा असतो. पुढच्या कपातींची आशा मावळली, की आजची कपात त्या भावाला फार काळ सावरू शकत नाही.

हा शब्दांचा परिणाम वेगळा काढून मोजताही येतो. गुर्कायनाक, सॅक आणि स्वानसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या घोषणेआधीची दहा आणि नंतरची वीस मिनिटे एवढ्याच अवधीतले भाव तपासले. इतक्या थोड्या वेळात दुसरी मोठी बातमी येण्याचा संभव कमी, ही त्यामागची युक्ती मला फार मोलाची वाटते. दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर त्या दिवशीच्या दरबदलापेक्षा निवेदनातून मिळणाऱ्या भावी संकेतांचा प्रभाव जास्त असतो, असे त्यांना आढळले.

अनपेक्षित आकडा आला, तर तोही बाजाराला हादरवतो. ४ मे २०२२ रोजी ठरलेली बैठक नसताना रेपो दर वाढवून ४.४० टक्क्यांवर नेला गेला आणि सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंशांनी कोसळला.

म्हणूनच कर्जदाराने आणि मुदत ठेवीवर घर चालवणाऱ्या निवृत्तांनीही दराबरोबर पवित्रा आणि महागाईचा अंदाज वाचावा. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते. त्यात रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहाही सदस्यांची मते कारणांसह असतात आणि बाजार पुढच्या दराचे गणित नव्याने मांडतो.