जुन्या फोर बाय फोर गाड्यांमधला प्रोपेलर शाफ्टचा अँगल आणि व्हायब्रेशन

ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) आणि हौसिंगचं, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लोखंडी घराचं, पिनियन (शाफ्टकडून फेरे घेणारा छोटा गिअर) यांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांच्या क्रॉसपाशी, म्हणजे वाकून फिरू देणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटपाशी, जितका वाकून चालतो तो त्याचा अँगल. विलीज सीजे-३बी किंवा मुंबईत महिंद्राने बनवलेली तिचीच जीप घ्या, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जेमतेम ८० इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड, आणि त्यात कोणी हौसेने गाडीची उंची वाढवली की अँगल अजून वाढतो.

क्रॉसची गंमत अशी की एक बाजू एकसारखी फिरवली तरी दुसरी दर फेऱ्याला दोनदा पुढे पळते नि दोनदा रेंगाळते. १० अंशाला हा फरक साधारण दीड टक्का, २० ला सहा टक्के, म्हणजे अँगल दुप्पट तर त्रास चौपट! शाफ्टला दोन क्रॉस असतात ते यासाठीच, एकाने घातलेला घोळ दुसरा निस्तरतो, पण मग दोन्हीकडचे अँगल सारखे हवेत (अंशभर इकडेतिकडे चालतं) आणि शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. शाफ्टची सरकणारी स्लीव्ह परत बसवताना स्प्लाइनचा (तिच्या आतल्या उभ्या खाचांचा) दात चुकला तरी रेष गेली, म्हणून खोलायच्या आधी खडूने खूण करतात. हायवेला अँगल ३ अंशांच्या आत असेल तर उत्तम, अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

सीजे-३बीचा अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे), टायर ६.००-१६, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला शाफ्टचे मिनिटाला सुमारे २,४०० फेरे आणि अँगलचे धक्के त्याच्या दुप्पट. ही बारीक घरघर सीटखाली, पत्र्यात येते, टायरचं बॅलन्सिंग गेलं असेल तर थरथर जाड असते आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगला लागते. तरी लोक आधी चाकंच बॅलन्स करत बसतात. रेस देताना घरघर वाढते आणि पाय काढला की बदलते, तर आधी अँगल मोजा, तोही गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना, जॅकवर नाही.

मागच्या लांब शॅकलने (पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला टांगणारी कडी) पिनियनचं नाक वर जातं, हे पाटे आणि हौसिंगमध्ये पाचर घालून सुधारतात. ट्रान्सफर केसकडच्या टोकाला डबल क्रॉसचा (एकाच जागी दोन क्रॉस जोडलेला) शाफ्ट असेल तर मात्र सारख्या अँगलचा नियम विसरायचा, पिनियन सरळ शाफ्टच्या रेषेत ठेवायचं, किंबहुना एक-दोन अंश खालीच, कारण रेस दिली की पाटे पिळतात आणि ते आपणहून वर येतं.