नव्वदीतलं वजन उचलणं

म्हातारं माणूस खंगलं की घरात पौष्टिक पावडरचा डबा येतो. खाणं कमी झालं म्हणून ताकद गेली, तेव्हा खाणं वाढवलं की ताकद परत येईल, असा आपला सरळ हिशेब. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात डॉ. मारिया फियाटारोन यांच्या गटाने तो तपासून पाहिला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

केंद्रातले १०० रहिवासी, सरासरी वय ८७. त्यांचे चार गट केले: काहींना व्यायाम, काहींना रोज ३६० कॅलरींचं पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम म्हणजे खुर्चीत बसून हात हलवणं नव्हे. मांड्या आणि नितंबांच्या स्नायूंसाठी चांगलं जड वजन, आठवड्यातून तीनदा. 'या वयात हे कसलं खूळ' असं आपल्याकडचा कोणीही म्हणाला असता.

दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद ११३ टक्के वाढली, बाकीच्यांची जेमतेम ३. चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला, जिना चढण्याची शक्तीही वाढली. नुसत्या पेयाने मात्र यातलं काहीच घडलं नाही.

असं का व्हावं? एक कारण अगदी घरगुती आहे: पेय पोटात गेलं की जेवण तेवढं कमी होतं. दिवसभराच्या एकूण कॅलरी खरोखर वाढल्या त्या पेय आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांच्याच. दुसरं कारण स्नायूंच्या आत आहे. जेवणातल्या प्रथिनांपासून नवा स्नायू बांधण्याचा इशारा म्हाताऱ्या स्नायूला नीट ऐकू येत नाही; तरुणाला जेवढी प्रथिनं पुरतात तेवढी त्याला पुरत नाहीत. स्नायूवर भार पडला की हा बहिरेपणा काही काळ कमी होतो. म्हणूनच वृद्धांसाठी तज्ज्ञ शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, आणि त्याच वेळी व्यायामाचाही आग्रह धरतात.

यावरून आहाराला कमी लेखणं मात्र चूक ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ६० केंद्रांमधल्या सुमारे ७,२०० वृद्धांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पावडर नव्हती, वजनंही नव्हती. निम्म्या केंद्रांच्या स्वयंपाकघरांनी रोजच्या जेवणात दूध, दही आणि चीज वाढवलं, बाकीच्यांचा आहार होता तसाच ठेवला. प्रथिनं वाढवलेल्या केंद्रांत दर किलोला १.१ ग्रॅमपर्यंत गेली, कॅल्शियमही बरंच वाढलं. तिथे हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी घटलं, खुब्याचं हाड मोडण्याचं ४६ टक्क्यांनी आणि पडण्याचं ११ टक्क्यांनी. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण खुबा मोडून अंथरुणाला खिळणं टळलं तर त्या वयात ते थोडं नव्हे. माझ्या मते या प्रयोगाची खरी हुशारी हीच, की वाढीव पोषण ताटातच आलं आणि वर आणखी काही प्यायला लावावं लागलं नाही.