अर्धसेतू संरोध-स्रोत इन्व्हर्टर

एकदिश (डीसी) विद्युत दाब (व्होल्टेज) वाढवणे आणि त्याचे प्रत्यावर्ती (एसी) दाबात रूपांतर करणे, ही दोन्ही कामे एकाच टप्प्यात उरकणारे विद्युत मंडल. अभियंत्यांच्या बोलण्यात ते ‘झेड-सोर्स हाफ-ब्रिज’ असते. ‘झेड’ हे संरोधाचे (इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) रूढ चिन्ह.

साध्या अर्धसेतूत वर-खाली जोडलेले दोनच स्विच असतात. पुरवठ्याचे दोन समान कपॅसिटरांनी (विद्युतभार साठवणाऱ्या घटकांनी) दोन भाग पाडतात आणि स्विचांचा मध्य व कपॅसिटरांचा मध्य यांच्यात भार (वीज वापरणारे उपकरण) जोडतात. चार स्विचांच्या पूर्णसेतूच्या मानाने स्विच निम्मे लागतात, पण भाराला दाबही पुरवठ्याच्या निम्माच मिळतो. शिवाय दोन्ही स्विच एकाच वेळी चालू झाले, तर पुरवठ्याचे थेट लघुमंडल (शॉर्ट सर्किट) होऊन काही मायक्रोसेकंदांत स्विच जळू शकतो. याला ‘शूट-थ्रू’ म्हणतात. तो टाळायला एक स्विच बंद होणे आणि दुसरा चालू होणे यांत ‘डेड टाइम’, म्हणजे दोन्ही बंद असण्याचा थोडा वेळ, ठेवावा लागतो, आणि त्याने तरंगाचा आकार बिघडतो.

मिशिगन स्टेट विद्यापीठातील फांग झेंग पेंग यांनी २००२ मध्ये मांडलेल्या आणि २००३ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलेल्या संरोध-स्रोत मंडलाने ही गोष्ट उलटी केली. त्यात शूट-थ्रू मुद्दाम घडवून आणतात. पुरवठा व स्विच यांच्यामध्ये एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक), दोन इंडक्टर (प्रवाहातील बदलाला विरोध करणारी वेटोळी) आणि फुलीच्या आकारात जोडलेले दोन कपॅसिटर असतात. शूट-थ्रूच्या काळात डायोड आपोआप बंद होतो आणि प्रत्येक इंडक्टरवर कपॅसिटरचा दाब येऊन त्यात ऊर्जा साठते. विद्युत प्रवाह एकदम उसळी घेत नाही, कारण वाटेत इंडक्टर आहे. शूट-थ्रू संपला की साठलेली ऊर्जा पुरवठ्याच्या जोडीने भाराकडे व कपॅसिटरांकडे जाते.

स्विचिंगच्या एका आवर्तनात शूट-थ्रूचा वाटा ‘द’ मानू. स्थिर अवस्थेत इंडक्टरवरील सरासरी दाब शून्य असला पाहिजे, एवढ्या एकाच अटीवरून कपॅसिटरचा दाब पुरवठ्याच्या (१ − द) ÷ (१ − २द) पट आणि स्विचांवरचा दाब १ ÷ (१ − २द) पट येतो. ‘द’ ०.५ च्या जवळ नेल्यास कागदावर वाढ अमर्याद दिसते. प्रत्यक्षात इंडक्टरचा रोध आणि डायोडमधील दाबाची घट तिला बऱ्याच आधी रोखतात.

इथवरचे विश्लेषण पूर्णसेतूलाही लागू पडते. फरक पुढे आहे. पूर्णसेतूत भारावर शून्य दाब देणाऱ्या अवस्था असतात आणि शूट-थ्रू त्यांच्या जागी बसवता येतो. अर्धसेतूत अशी मोकळी जागाच नाही. डायोड फक्त धन बाजूला असेल, तर ऋण टोक शूट-थ्रूमध्येही पुरवठ्याशी जोडलेले राहते आणि भारावर वरचा स्विच चालू असतानाचाच धन दाब दिसतो. म्हणजे शूट-थ्रूचा वेळ धन अर्ध्या तरंगातूनच काढावा लागतो. हे न ओळखता पूर्णसेतूचा नियंत्रण नमुना जसाच्या तसा वापरला, तर भारावरचा सरासरी दाब शून्य राहत नाही आणि पुरवठा विभागणाऱ्या कपॅसिटरांचा मध्य सरकू लागतो.

उदाहरणार्थ, पुरवठा २०० व्होल्ट, ‘द’ ०.२५, वारंवारता २० किलोहर्ट्झ आणि भार ४० ओहम घेऊ. आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचे. त्यात शूट-थ्रूला १२.५, एकट्या वरच्या स्विचला १२.५ आणि खालच्याला २५ मायक्रोसेकंद मिळतात. फुलीतल्या प्रत्येक कपॅसिटरवर ३०० व्होल्ट येतात. भारावर धन-ऋण २०० व्होल्टचा चौकोनी तरंग मिळतो, म्हणजे साध्या अर्धसेतूच्या दुप्पट. ऊर्जेची घट नाही असे धरल्यास शक्ती १ किलोवॅट आणि प्रत्येक इंडक्टरचा सरासरी प्रवाह ५ अँपिअर. इंडक्टर २ मिलिहेन्रीचा असेल, तर प्रवाहातील चढउतार सुमारे १.९ अँपिअर राहतो.

ही असममिती सुट्या भागांच्या निवडीतही दिसते. शूट-थ्रूमध्ये धन टोकाला जोडलेला कपॅसिटर ५ अँपिअर देतो. ऋण टोकाला जोडलेल्याला भाराचा प्रवाहही पुरवायचा असल्याने १० अँपिअर द्यावे लागतात. कपॅसिटरच्या दाबातील चढउतार ३ व्होल्टवर ठेवायचा तर पहिल्याला सुमारे २१ आणि दुसऱ्याला सुमारे ४२ मायक्रोफॅरड लागतात. वरच्या स्विचमधून १५, खालच्यातून १० अँपिअर जातात. बंद स्विच व डायोड यांना ४०० व्होल्ट पेलावे लागतात. दोन्ही कपॅसिटर सारखेच घेणे सोयीचे खरे, पण मग निवड मोठ्याच्या हिशेबाने करावी.

प्रारंभी रिकामे कपॅसिटर डायोडमधून मोठा प्रवाह ओढतात, म्हणून तो मर्यादित करण्याची सोय लागते. पुरवठ्याकडून येणारा प्रवाहही तुटक असतो. सौर पटल किंवा इंधन घटासाठी (फ्युएल सेल) हा दोष जाचक ठरतो. त्यावर उपाय म्हणून २००८ च्या सुमारास पुढे आलेल्या ‘क्वासी-झेड-सोर्स’ रचनेत एक इंडक्टर थेट पुरवठ्याच्या वाटेत बसतो. प्रवाह अखंड राहतो आणि एका कपॅसिटरवरचा दाबही कमी होतो. विद्युत विलेपनासाठी (विजेने धातूचा मुलामा देण्यासाठी) मात्र अनेकदा धन आणि ऋण स्पंद जाणूनबुजून असमान हवे असतात. तिथे विभाजक कपॅसिटरांऐवजी दोन स्वतंत्र एकदिश पुरवठे जोडतात, म्हणजे सरासरी शून्य ठेवण्याचे बंधन उरत नाही.