खासगी सर्व्हर, सार्वजनिक स्टोरेज आणि मधला रस्ता

क्लाउडमधल्या, म्हणजे अमेझॉनसारख्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या, सर्व्हरचा पत्ता बहुधा १०.०.१.२५ असा काहीतरी असतो. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे असे पत्ते १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवले. एकच पत्ता असंख्य नेटवर्कमध्ये एकाच वेळी वापरात असतो, म्हणून खुल्या इंटरनेटवर तो चालत नाही. उलट या सर्व्हरला ज्या स्टोरेजमध्ये फायली ठेवायच्या असतात, त्याचे पत्ते सार्वजनिक असतात. अमेझॉनची एस-थ्री ही स्टोरेज सेवा २००६ मध्ये आली आणि ग्राहकाला स्वतःचं खासगी नेटवर्क, म्हणजे व्हीपीसी, आखून देणारी सोय २००९ मध्ये. स्टोरेज आधी आलं, कुंपण नंतर पडलं, त्यामुळे स्टोरेज कुंपणाबाहेरच राहिलं. मग कुंपणातल्या सर्व्हरने तिथवर जायचं कोणत्या वाटेने, हा प्रश्न उरतो.

डेटाबेसच्या बाबतीत जरा बघून घ्यावं लागतं. आरडीएस या अमेझॉनच्या डेटाबेस सेवेवर चालणारा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस आपल्याच सबनेटमध्ये, म्हणजे व्हीपीसीच्या एका भागात, खासगी पत्ता घेऊन बसतो, तिथे वेगळ्या वाटेचा प्रश्नच येत नाही. डायनॅमोडीबी हा अमेझॉनचा दुसरा डेटाबेस मात्र एस-थ्रीसारखी बाहेरची सेवा आहे.

बाहेर जायची सरधोपट वाट म्हणजे नॅट गेटवे. तो खासगी पत्त्याच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता लावून मागणी पुढे पाठवतो. हा सगळा डेटा इंटरनेटवरून फिरून येतो, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात अमेझॉनच्या सर्व्हरकडून अमेझॉनच्याच सेवेकडे जाणारी वाहतूक, पत्ते सार्वजनिक असले तरी, कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमध्येच राहते. खरी अडचण बिलाची आहे. अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरच्या समूहात, नॅट गेटवे तासाच्या भाड्याखेरीज दर जीबीमागे साडेचार सेंट घेतो. रोज १,००० जीबी बॅकअप स्टोरेजमध्ये जात असेल, तर ३० दिवसांचे १,३५० डॉलर निव्वळ त्या दारातून जाण्याचे झाले. कुणी मुद्दाम निवडलेली नसते ही वाट. सॉफ्टवेअर अपडेटसाठी नॅट आधीच लावलेला असतो आणि बॅकअपही गुपचूप तिथूनच जाऊ लागतो.

२०१५ मध्ये एस-थ्रीसाठी आणि २०१७ मध्ये डायनॅमोडीबीसाठी अमेझॉनने गेटवे एंडपॉइंट आणला. नाव भारदस्त असलं तरी ही रूट टेबलमधली, म्हणजे कोणती वाहतूक कुठून जावी हे सांगणाऱ्या तक्त्यातली, एक नोंद आहे, फाट्यावर लावलेल्या पाटीसारखी: ‘एस-थ्रीकडे जाणाऱ्यांनी इकडून जावं.’ रूट टेबलमध्ये ‘बाकी सगळं नॅटकडे’ हा नियम असतोच, पण दोन नियम लागू पडत असतील तर जास्त नेमका नियम जिंकतो. म्हणून प्रोग्रामचं एक अक्षरही न बदलता वाहतूक नव्या वाटेला लागते. या वाटेला ना तासाचं भाडं, ना जीबीचा दर. सर्व्हर आणि बकेट, म्हणजे एस-थ्रीमधला आपला फायलींचा साठा, एकाच विभागात असतील तर ही नोंद करायला मुहूर्त शोधू नये, असं माझं ठाम मत आहे. एवढं मात्र पाहावं की नोंद होताच चालू असलेली कनेक्शन तुटू शकतात, म्हणून वर्दळ कमी असतानाच ती करावी.

या पाटीची मर्यादा तिच्या स्वभावातच आहे. ती त्या व्हीपीसीतल्या सर्व्हरनाच दिसते. कार्यालयातल्या डेटा सेंटरमधून व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या बंदिस्त जोडणीवरून, आलेल्या किंवा शेजारच्या व्हीपीसीतून आलेल्या मागणीला ती वापरता येत नाही.

अशांसाठी इंटरफेस एंडपॉइंट आहे. इथे सेवेसाठी आपल्या सबनेटमध्येच एक नेटवर्क कार्ड उभं राहतं आणि त्याला आपला खासगी पत्ता मिळतो. त्या पत्त्यापर्यंत जो पोहोचू शकतो, मग तो व्हीपीएनपलीकडचा का असेना, तो सेवेपर्यंत पोहोचतो. एस-थ्रीला ही सोय २०२१ मध्ये मिळाली, डायनॅमोडीबीला २०२४ मध्ये. तिला पैसे पडतात: प्रत्येक उपलब्धता क्षेत्रामागे (विभागातल्या डेटा सेंटरच्या प्रत्येक स्वतंत्र गटामागे) तासाचं भाडं, आणि उत्तर व्हर्जिनियात जीबीमागे एक सेंट. शिवाय डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था, नीट बसवावं लागतं, नाहीतर एस-थ्रीचं नाव विचारल्यावर जुनाच सार्वजनिक पत्ता मिळतो आणि वाहतूक जुन्याच वाटेने जात राहते. दोन्ही एंडपॉइंट एकत्र नांदू शकतात. आतल्या सर्व्हरना फुकटची वाट आणि बाहेरून येणाऱ्यांना इंटरफेस, ही मांडणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर या क्लाउडमध्येही असाच भेद दिसतो. तिथल्या सर्व्हिस एंडपॉइंटला वेगळं शुल्क नाही, पण स्टोरेजचा पत्ता सार्वजनिकच राहतो. प्रायव्हेट एंडपॉइंट खासगी पत्ता देतो आणि त्याचे पैसे घेतो.

वाट खासगी झाली म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असं मात्र नाही. एंडपॉइंट जोडला तरी बकेटचं पुढचं दार जसंच्या तसं राहतं. योग्य परवाना हाती असलेला माणूस इंटरनेटवरून अजूनही आत येऊ शकतो. ते बंद करायचं तर ‘याच एंडपॉइंटमधून आलेली मागणी मान्य’ असा नियम बकेटच्या धोरणात लिहावा लागतो. बकेटमध्ये आधीच सार्वजनिक पत्त्यांवर आधारलेले नियम असतील तर तेही बदलावे लागतात, कारण नव्या वाटेने येणारी मागणी खासगी पत्ता घेऊन येते. आणि हा कडक नियम लिहिताना प्रशासकाच्या खात्यासाठी अपवाद आधी ठेवावा. ब्राउझरमधल्या कन्सोलची, म्हणजे सेवा हाताळण्याच्या अमेझॉनच्या पानाची, मागणी त्या एंडपॉइंटमधून येत नाही, त्यामुळे नियम लागू होताच तो लिहिणाऱ्यालाही तिथून बकेट उघडता येत नाही.