अल्सरचा जंतू आणि छातीतली जळजळ

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी १९८४ साली जंतूंनी गढूळलेलं पाणी चक्क पिऊन टाकलं. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज! हेलिकोबॅक्टर पायलोरी या अल्सरच्या जंतूचा हा पराक्रम सिद्ध करणाऱ्या मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

तेव्हापासून पोटाच्या बहुतेक तक्रारींचं खापर याच जंतूवर फुटू लागलं. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, म्हणजे रिफ्लक्स, इथे मात्र हिशेब उलटा लागतो. आम्लाने अन्ननलिका सोलवटलेल्या रुग्णांत हा जंतू इतरांपेक्षा कमीच सापडतो.

तो जठरात कुठे ठाण मांडतो, यावर सगळं अवलंबून आहे. आतड्याकडच्या टोकाला सूज आली, तर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, त्यामागोमाग आम्लही. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो तो असा. सूज जठराच्या वरच्या, मोठ्या भागात पसरली, की आम्ल बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. मग जे काही वर चढतं, त्यात पोळण्याइतका जोर उरत नाही.

१९९७ मध्ये जर्मनीतला एक अभ्यास गाजला. जंतू घालवलेल्या अल्सरच्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्क्यांना तीन वर्षांत अन्ननलिकेची सूज आली. जंतू टिकून राहिलेल्यांत १३ टक्क्यांना. पुढच्या अभ्यासांत मात्र एवढा फरक सातत्याने दिसला नाही.

मग या जंतूला पोसायचं का? मला तरी हा सौदा भलताच महाग वाटतो. आम्ल घटवणारी हीच सूज वर्षानुवर्षं राहिली तर जठराच्या कर्करोगाकडे नेऊ शकते. शिवाय रिफ्लक्सचं मूळ अन्ननलिकेच्या खालच्या, नको तेव्हा सैल पडणाऱ्या झडपेत आहे. सुटलेलं पोट आणि जेवल्या जेवल्या आडवं होणं त्यात भर घालतं.

वर्षानुवर्षं पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या आम्ल दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र या जंतूची तपासणी करून घ्यावी. आम्ल दबलं की त्याची सूज वरच्या भागात सरकते. श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते, पण डॉक्टरांना विचारून त्याआधी दोन आठवडे या गोळ्या थांबवाव्या लागतात. नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.