आंबट पानाचा अश्मंतक: आपट्याच्या नावाची पार्श्वभूमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपुरात सीताबर्डीत आणि इतवारीत सोन्याच्या जुड्या विकायला येतात. त्यांतल्या बऱ्याच आपट्याच्या नसून कांचनाच्या असतात, हे दरवर्षी कुणी ना कुणी सांगतंच. रघुराजा आणि कौत्साची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथं नको. घोळ आहे तो नावाचा.

पूजेचा श्लोक ‘अश्मन्तक महावृक्ष’ असा सुरू होतो. त्याच्या जोरावर अश्मंतक म्हणजे आपटा हे पक्कं झालं. जुन्या निघंटूत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, अश्मंतकाची आणखी नावं आहेत. त्यांतली दोन कामाची. यमलपत्रक, म्हणजे जोडपानाचा, आणि अम्लपत्रक, म्हणजे आंबट पानाचा. पहिलं आपट्याला चपखल बसतं. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही तेच दिसलं: एका देठावर दोन सारखे भाग. म्हणून त्यांनी या साऱ्या गोतावळ्याला बाउहिन आडनावाच्या दोघा भावांचं नाव दिलं.

दुसऱ्या नावापाशी अडतं. आपट्याचं पान चावून बघा, जिभेला आधी कळतो तो तुरटपणा. आंबटपणा असलाच तर मागून, तोही कोवळ्या पानात. दसऱ्याला आपल्या हाती येतं ते पावसाळाभर जून झालेलं, चामड्यासारखं पान. खरं आंबट पान आहे ते आपट्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या झाडाचं. त्याला आमली म्हणतात, कुठे कोरल. पान तसंच दुभंगलेलं, पण चव उघड आंबट. फिलिपिन्समध्ये तर मटणमच्छीच्या रश्शात आंबटाला हीच पानं घालतात. अम्लपत्रक हे नाव मुळात आमलीचं असावं आणि दोन्ही झाडं एका नावाखाली नांदली असावीत, असं मला वाटतं. जंगलात राहणाऱ्याला दोन्ही वेगळी कळतात. पोथीत बसून लिहिणाऱ्याला कळतीलच असं नाही.

एवढ्यावर भागत नाही. चरकसंहितेत अश्मंतक येतो तो निवडुंग आणि रुईच्या पंगतीत, चीक असलेलं झाड म्हणून. त्याचा चीक वांती करवायला सांगितला आहे. आपट्याचा देठ मोडा, फांदी मोडा, दुधाचा थेंब येत नाही. म्हणून काही अभ्यासक चरकाचा अश्मंतक वड-पिंपळाच्या जातीचा मानतात, आणि मला ते पटतं. मनुस्मृतीत मुंज गवत न मिळाल्यास मेखलेसाठी, म्हणजे मुंजीत कमरेला बांधायच्या दोरीसाठी, कुश, अश्मंतक आणि बल्वज सांगितले आहेत. आपट्याच्या सालीचे चांगले दोर होतात, तेव्हा इथं आपटा चालून जाईल. पण आजूबाजूला गवतंच आहेत, त्यामुळे मनुस्मृतीवर भाष्य लिहिणारे त्यालाही गवत समजले.

लॅटिन नावानं तरी वाद मिटायचा, तर ‘बाउहिनिया रेसेमोसा’ हे एकच नाव दोघांनी दोन वनस्पतींना दिलं. एकानं आपट्याला, दुसऱ्यानं माहुलाच्या वेलाला, ज्याच्या पानांच्या पत्रावळी होतात. आज ते आपट्याकडे आहे.

दसऱ्याबाहेर आपट्याला भाव आला तो विडीमुळे. आपल्याकडे कामठी, भंडारा, गोंदियाच्या विडीला तेंदूपत्ताच लागतो, आपट्याचं पान दुय्यम. पुढे 1969 च्या कायद्यानं वनोपजाचा, म्हणजे जंगलातून मिळणाऱ्या मालाचा, व्यापार महाराष्ट्र सरकारनं हाती घेतला, तेव्हा तेंदूबरोबर आपट्याचं पानही त्यात आलं. थोडक्यात, पूजेतलं सोनं सरकारी दप्तरातही मोलाचं ठरलं.

जंगलातून आणलेलं पान 1927 च्या वन कायद्यानुसार तसंही वनोपजच. तरी सणाआधी फांद्याच्या फांद्या उतरतात. ‘आपटा तोडू नका’ ही हाक गेल्या काही वर्षांत वाढली, आणि त्यावर तोडगा म्हणून कांचन पुढे आला. मला हा तोडगा अर्धाच वाटतो. कांचन बागेत आणि रस्त्याकडेला लावलेला असतो, त्याच्या फांद्या ओरबाडल्या तर जंगल वाचतं, शहरातली सावली जाते.

ओळखायचं असेल तर पान तळहातावर ठेवा. आपट्याचं लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, मागून फिकट. कांचनाचं मोठं आणि पातळ. दुपारपर्यंत जुडीतच मान टाकतं.